वर्कशॉपमागचा चर

हा माणूस ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं कधी परत आला नाही. मी काही गूढ वगैरे बोलत नाहीये, जे घडायचं तेच सांगतेय. चहाला जायचे ते ग्रंथालयाच्या बाजूनं, आणि परत यायचे ते मुलींच्या होस्टेलला वळसा घालून, भर उन्हात, डोक्यावर छत्री धरून. आपण सोबत असलो तर आपलीही वरात. एकदा वैतागून मी म्हटलं, "सर, डिपार्टमेंट समोर दिसतंय, सरळ चला ना." तर म्हणाले, "सरळ त ढोरंही जातात मॅडम," आणि लागले चालायला. माझी नवी चप्पल त्या दिवशी मुरमात तुटली.

आमचं कॉलेज मेहकरच्या बाहेर माळावर आहे. इंजिनिअरिंगचं. मी तिथं कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे, पोरं आली तर शिकवते. एसटीतून उतरलं की बरंच चालावं लागतं आणि हल्ली शिकवण्यापेक्षा त्या चालण्याचाच शीण जास्त होतो. सर तिथं कॉम्प्युटर सेंटरचे प्रमुख होते. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. चिखलीपासून लोणारपर्यंत त्यांना ओळखणारा जो कोणी असेल तो 'रिंगवाले सर' म्हणूनच ओळखतो.

ही रिंग काय, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं अडायला नको. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडातून निरोप. आमच्याकडे बाहेरून येणारी इंटरनेटची लाईन ऑफिसात उतरते. तिथून प्रत्येक इमारतीला सुटी तार नेण्याऐवजी सरांनी फायबरची केबल जमिनीखालून गोल फिरवली. ऑफिसातून निघाली, ग्रंथालय, परीक्षेची मोठी लॅब, होस्टेल, वर्कशॉप करत पुन्हा ऑफिसात आली. गोल असल्याचा फायदा असा, की एका जागी उंदरानं कुरतडली, कुणाची कुदळ लागली, तरी निरोप अडत नाही. तो उलटा फिरतो आणि दुसऱ्या बाजूनं पोचतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बस, एवढंच. एवढ्यासाठी या माणसानं आयुष्य घालवलं.

पोरं चिडवायची. "सर, आता वायफाय हाय न, तार कायले पाह्यजे?" सर शांतपणे म्हणायचे, "वायफायच्या मांगंही तारच हाय बे. तुह्या मांगं बाप हाय तशी."

सगळ्या गोष्टी दोन-दोन. खिशाला दोन पेन, चष्मे दोन, छत्र्या दोन. एक खोलीवर, एक कॉलेजात. खोलीच्या कुलपाला चाव्याही दोन होत्या, पण दोन्ही एकाच जुडग्यात. ते जुडगं एकदा शेगावच्या स्टँडवर हरवलं तेव्हा हा शहाणा माणूस घरमालकाच्या ओट्यावर बसून राहिला. मी विचारलं, "दुसरी चावी कुठंय सर?" तर म्हणाले, "पहिलीच्या सोबत गेली." आणि स्वतःच इतके हसले, इतके हसले, की घरमालक बाहेर येऊन बघायला लागला. त्या हसण्याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. पुढं कळलं ते कशाला हसत होते.

घर वरवट बकालला. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, तिकडेच असायच्या, सासूबाईंचं करत, वावर बघत. सर शनिवारी निघायचे ते खामगाव, शेगाव करत जायचे आणि परत यायचे ते जळगाव जामोद, नांदुरा, बुलडाणा, चिखली अशी निम्म्या जिल्ह्याची हाडं खिळखिळी करत. कंडक्टर लोक ओळखून होते. काकू एकदा कॉलेजात आल्या होत्या तेव्हा मला म्हणाल्या, "इकडून येते न तिकडून जाते हा मानूस. मले त वाटते, माह्या घराले प्रदक्षिणाच घालून राह्यला." सर तिथंच उभे होते. म्हणाले, "रस्ता चालता ठेवा लागते. एक बंद पडला त?" काकूंनी माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

कॉलेजात तपासणीची समिती आली की सरांचा दिवस. लॅबच्या पडद्यावर एका म्हाताऱ्या बुवांचं कीर्तन लावायचे. ते ऑफिसातल्या सर्व्हरवर ठेवलेलं असायचं आणि रिंगमधून फिरून लॅबमध्ये यायचं. मग कोपऱ्यातलं कपाट उघडून पाहुण्यांना म्हणायचे, "साहेब, ओढा."

"काय ओढू?"

"ह्या दोन तारा हायेत न, यातली कोणतीही. भेऊ नका, ओढा बिनधास्त."

साहेब बिचारे बावरून इकडं-तिकडं बघत एक तार उपसायचे. आम्ही सगळे श्वास रोखून. पडद्यावर बुवांचं चालूच. टाळ चालू, मृदंग चालू, शब्दही तुटलेला नाही. सर हात मागं बांधून उभे. "झालं काही?"

"नाही, काहीच नाही झालं."

"तेच. काहीच होऊ न देणं, हे माह्यं काम हाय."

आता मला सांगा, ज्या माणसाचं काम म्हणजे काहीच न होणं, त्याचं कौतुक करायचं तरी कशावरून? आमच्या संस्थेचे सचिवसाहेब तर तोंडावर म्हणायचे, "सर, तुम्ही करता काय दिवसभर?" आणि सर म्हणायचे, "हिंडतो."

हिंडायचे हे खरंच. रोज संध्याकाळी केबल जिथून जमिनीखाली गेली होती तिथून तिथून, छत्रीचं टोक ठोकत, एक चक्कर. आणि चक्कर मारता मारता वर्कशॉपच्या मागं आले की थांबायचे. तिथंच सगळी गोम होती.

ऑफिसातून निघणारी केबल आणि फिरून ऑफिसात परत येणारी केबल, या दोघी वेगवेगळ्या चरातून यायला हव्या होत्या. त्याशिवाय रिंगला अर्थ नाही. पण वर्कशॉपच्या मागच्या त्या पट्ट्यात दोन्ही एकाच चरात आहेत. म्हणजे घराला दारं दोन ठेवायची आणि दोन्ही एकाच बोळात उघडायची, तसं झालं. तिथं एक घाव बसला की ऑफिस एकीकडे आणि अख्खं कॉलेज दुसरीकडे.

हे कुणी केलं? सरांनीच. मी तेव्हा नवी लागले होते, डोळ्यांनी पाहिलंय. मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. हिवरा आश्रमाकडच्या बाया खणायला होत्या. पहिला चर कसाबसा झाला. दुसऱ्याला वर्कशॉपच्या मागं काळा दगड लागला. टिकास मारलं की ठिणगी उडायची. त्यात एक बाई ऊन लागून कोसळली. सरांनी तिला सावलीत नेलं, तिच्या डोक्यावर स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्या ओतला आणि मुकादमाला म्हणाले, "बस झालं. दोन्ही केबली एकातच टाक. दुसरा चर पावसाळा सरला की खणू."

पावसाळा सरला. ठेकेदार गेला. दुसरा चर राहिला तो राहिलाच.

ती कोसळलेली बाई म्हणजे आमच्या मावशी. पुढं सरांनीच त्यांना कॉलेजात शिपाई म्हणून लावून घेतलं. त्या येता-जाता मला म्हणायच्या, "माह्यासाठी राह्यला मॅडम तो चर. मी पडली नसती त झाला असता." मी म्हणायची, "काहीतरीच काय मावशी." पण त्यांच्या मनातून ते कधी गेलं नाही.

आता लिंबाचं सांगते. लिंबाशिवाय सर पुरे होत नाहीत.

जुन्या पद्धतीच्या रिंगमध्ये एक नियम असतो. एक टोकन गोल फिरत राहतं. ज्याच्या हाती टोकन, त्यानंच बोलायचं. बोलून झालं की शेजाऱ्याकडे द्यायचं. सर वर्गात हे शिकवायला लिंबू वापरायचे. मग एकदा स्टाफ मीटिंगमध्ये असा गदारोळ झाला, की कोण काय बोलतंय ते देवालाही कळेना. सरांनी खिशातून लिंबू काढलं आणि टेबलावर ठेवलं. "ज्याच्या हाती लिंबू तो बोलन." सचिवसाहेबांना गंमत वाटली, आणि बघता बघता तो रिवाजच पडला. मावशी अंगणातल्या झाडाचं लिंबू आणायच्या, ते टेबलाभोवती फिरायचं, आणि मीटिंग संपली की मावशी तेच कापून पोह्यांवर पिळायच्या. आमच्या कॉलेजात झालेली ही एकमेव शिस्त.

आणि दर मीटिंगला, विषय काही असो, गॅदरिंग, निकाल, गळणारं छत, लिंबू सरांकडे आलं की सर ते नाकाशी धरून वास घ्यायचे, एकच वाक्य बोलायचे आणि पुढं द्यायचे.

"वर्कशॉपमागं दुसरा चर खणा."

बस. ना एक शब्द जास्त, ना एक कमी. पहिल्या वर्षी लोकांनी माना डोलावल्या. पुढं हसू यायला लागलं. मग तर पोरंपोरी सरांच्या मागून तोच सूर लावायची. सचिवसाहेबांची उत्तरं मात्र बदलत राहायची: यंदा ग्रंथालयाचं छत, पुढल्या वर्षी पाहू, आता गेटचं काम होऊन जाऊ द्या. गेट झालं. देवळाच्या महाद्वारासारखं गेट झालं. सचिवसाहेब काही वाईट माणूस नव्हेत हो. दिवसेंदिवस प्रवेश कमी होत होते आणि गेट बघून तरी पोरं येतील असं त्यांना वाटलं होतं. पोरं आली नाहीत. फोटो काढायला लग्नाची जोडपी मात्र येतात.

सर नुसते बोलून थांबले असंही नाही. एका श्रमदानाला पोरं घेऊन त्यांनी स्वतः टिकास हाती घेतलं. गुडघ्याएवढं खणलं आणि पुढं दगड. हाताला फोड आले, पोरं पांगली. त्या अर्धवट खड्ड्यात कँटीनवाल्याची शेळी पडली, मोठा गोंधळ झाला, आणि सचिवसाहेबांनी खड्डा बुजवून घेतला. वृक्षारोपणाच्या दिवशी तर कहर. पाहुणे मोठे, हातात रोप, फोटोवाला तयार, आणि सरांनी पाहुण्यांचा हातच धरला. "साहेब, हिते नका लावू. मुळं खाली जातात." साहेब कुठं हात सोडवू बघतायत, सर सोडायला तयार नाहीत. सचिवसाहेब घामाघूम. शेवटी रोप दुसरीकडे लावलं. संध्याकाळी मी म्हटलं, "काय हो सर, चारचौघांत!" तर म्हणाले, "मॅडम, चूक माही हाय, पण चर कॉलेजचा हाय."

मला या माणसाचा राग यायचा. अजून येतो. पण गोष्ट साधी नव्हती. प्रवेश घटले तेव्हापासून आमचं कॉलेज ऑनलाइन परीक्षांच्या केंद्रावर तग धरून होतं. नोकरभरतीच्या, प्रवेशाच्या, सगळ्या परीक्षा आमच्या मोठ्या लॅबमध्ये व्हायच्या. केंद्र गेलं की कॉलेज गेल्यात जमा, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. माझी नोकरी, मावशींची नोकरी, सगळं त्या एका चरात पडलं होतं, आणि त्याच्यावर पाळत ठेवायला एक छत्री ठोकत हिंडणारा म्हातारा.

मग तो रविवार आला.

भरतीची परीक्षा होती. पहाटेच्या एसटीनं पोरं-पोरी आलेल्या, कुणी बापासोबत, कुणी भावासोबत. सर केंद्राचे प्रमुख, म्हणून हॉलच्या आत. आत गेलं की पेपर संपेपर्यंत बाहेर यायचं नाही, मोबाईल बाहेर पेटीत. मी पर्यवेक्षक, मीही आत. आणि नेमक्या त्याच दिवशी गेटसमोरच्या हिरवळीला वर्कशॉपमागून पाण्याची लाईन टाकायला जेसीबी आला. सचिवसाहेबांनीच मुद्दाम रविवार दिला होता. कॉलेज बंद असतं, कुणाला आवाजाचा त्रास नको! परीक्षा आहे हे त्यांना माहीत होतं, पण परीक्षा लॅबमध्ये आणि खोदकाम वर्कशॉपच्या मागं, याचा त्याच्याशी काय संबंध, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं मीटिंगमध्ये तेच एक वाक्य ऐकून! ऐकून ऐकूनच ते कानाआड झालं होतं.

मावशींनी गेटवरून जेसीबी पाहिला. त्या धावत सुटल्या. "थांब रे! अरे थांब बापा, खाली तार हाय!" यंत्राच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? त्याचा दात एकदाच जमिनीत गेला.

आत आमच्यासमोर सगळे पडदे एकदम गोठले. मग ते गोल गोल फिरणारं चिन्ह. पोरं आधी थांबली, मग एकमेकांकडे बघायला लागली, मग आवाज चढला. मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. वर्कशॉपच्या दिशेच्या खिडकीकडे बघत होते. परीक्षेच्या कंपनीचा माणूस दारात होता. त्याला म्हणाले, "मले जाऊ द्या," आणि तो काही बोलायच्या आत निघाले. मीही मागं धावले. नियम गेले खड्ड्यात.

फायबर जोडणं म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. काचेचा केस सोलायचा, पुसायचा, सरळ कापायचा आणि छोट्या यंत्रात दोन टोकं समोरासमोर धरून वितळवून जोडायची. धुळीचा कण मध्ये आला की मुसळ केरात. आणि वरून माळावरचा वारा. सर चरात मांडी घालून बसले. मी ओढणी धरली, मावशींनी पदर धरला. आमच्या मागोमाग लॅबमधून बाहेर पडलेल्या दोन मुलीही आल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनीही ओढण्या सोडून आडोसा केला. जेसीबीवाला बाजूला डोकं धरून बसलेला. सरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "पाणी देजा त्याले," एवढंच मावशींना म्हणाले.

कंपनीनं थोडा वेळ दिला, अजून थोडा दिला. मग तो माणूस येऊन सांगून गेला, की ही बॅच रद्द.

सर पुढचा धागा सोलत होते. मी म्हटलं, "सर, पेपर रद्द झाला."

"हाव. ऐकलं म्या."

"मग आता कशाला? उठा ना."

"जोडा त लागते न," ते म्हणाले.

शेवटचा धागा लागला तेव्हा लॅबमध्ये पडदे पुन्हा उजळले. आत कुणी नव्हतं. सगळे अंगणात उभे राहून आमच्या नावानं बोटं मोडत होते आणि काय चुकीचं होतं त्यांचं? ओढणी धरलेल्या दोघींतली एक मुलगी सरांना म्हणाली, "सर, पेपर पुन्हा होईन न?"

"होईन बाई. कोणत्या गावची तू?"

"वरवट बकाल."

सरांचा हात थांबला. तिनं खाली बघत सांगितलं, "बाबा एवढ्या लांब परत पाठवतील का नाही, काय माहीत. आईनं लय मिन्नतवारी केली तवा आली मी." सर उठले, हातपाय झटकले आणि तिला आणि तिच्या भावाला एसटीपर्यंत पोचवायला गेले.

मी ऑफिसच्या पायरीवर बसले होते. काही वेळानं सर येताना दिसले, फाटकातून, डांबरी रस्त्यानं, सरळ. ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं परत. मावशी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "अव माय, मॅडम," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग. लिंबू फिरायला लागलं. कुणी म्हणालं जेसीबीवाल्यावर तक्रार करा, कुणी म्हणालं कंपनीला पत्र लिहा. मी पुढं दिलं. मला धास्ती एकच होती, की आता सर म्हणणार, मी सांगत होतो ना. त्यांचा हक्कच होता तो. सगळे टेबलाकडे बघत होते. सरांनी लिंबू हातात घेतलं, सवयीनं वास घेतला.

"वर्कशॉपमागं दुसरा चर खणा."

सचिवसाहेब ताडकन उठले. "अहो, आता काय खणता! केंद्र गेलं ना! सकाळी फोन आला, गेलं केंद्र! आता काय चाटायचा तुमचा चर?" सरांनी नुसतं लिंबू शेजाऱ्याच्या हातात दिलं आणि ओठांवर बोट ठेवलं, टोकन गेलं होतं, त्यांना बोलता येणार नव्हतं. मला भयंकर चीड आली. बाहेर गाठून मी म्हटलंच, "सर, काय बह्याडपणा हा! तुटलं ना एकदाचं! आता तरी गप्प बसायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गातल्या ढ पोराकडे बघायचे, न रागावता. "मॅडम, काल जोडलं न म्या. म्हणजे आता पुन्हा तुटू शकते."

केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. माझे तास निम्मे झाले, काही सहकारी जालन्याला, काही पुण्याला निघून गेले. सर आणखी काही मीटिंगांना आले, त्यांचं वाक्य बोलले आणि निवृत्त झाले. सत्कार नको म्हणाले. कॉलेजातली छत्री तेवढी खुंटीवर राहिली. मी फोन केला तर म्हणाले, "राहू द्या, एक हाय माह्यापाशी."

गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. काकूंनी मावशींना कळवलं, मावशींनी मला, मी सचिवसाहेबांना. त्यांचा शेवटचा निरोपही असा फिरत फिरत आला.

शोकसभा ठेवली. टेबल तेच, माणसं अर्धी. दोन मिनिटं उभं राहून झालं आणि मग कुणाला काही सुचेना. काय बोलणार? या माणसानं काय केलं, असं विचारलं तर काय सांगणार? तेवढ्यात मावशी आत आल्या आणि त्यांनी पदराआडून लिंबू काढून टेबलावर ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. लिंबू फिरायला लागलं. एकानं हातात घेतलं, पुढं दिलं. दुसऱ्यानं घेतलं, पुढं दिलं. माझ्याकडे आलं, मी पुढं दिलं. असं करत अख्खं टेबल फिरून ते सचिवसाहेबांपाशी आलं. त्यांनी दोन्ही हातांत धरलं. केवढे म्हातारे दिसत होते त्या दिवशी.

"वर्कशॉपमागं," ते म्हणाले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वर्कशॉपमागं दुसरा चर खणा."

कुणी हसलं नाही.

दगड फोडायला यंत्र लावून तोच जेसीबीवाला आला. दुरून, जुन्या चराला सोडून, उलसक उलसक, थोडा थोडा दात घालत होता. मावशी दिवसभर सरांची छत्री घेऊन त्याच्या समोर उभ्या. पाइप पडला, केबल आली, मी आणि बुलडाण्याहून आलेल्या एका तंत्रज्ञानं ती जोडली. कशासाठी, ते विचारू नका. लॅबमध्ये आता एका वर्गाची पोरं बसतात, तीही मोबाईल बघत.

काम संपलं त्या दुपारी मी मावशींना लॅबमध्ये पाठवलं आणि ऑफिसातून बुवांचं ते कीर्तन लावलं. मावशी फोनवर होत्या. "चालू झालं मॅडम. बुवा दिसून राह्यले." मी ऑफिसातलं तसंच कपाट उघडलं. जुन्या चरातून जे जे येत होतं ते सगळं हातात धरलं. त्या रविवारी जेसीबीच्या दातानं तोडलं होतं ते सगळं. कुणीतरी मागून 'ओढा बिनधास्त' म्हणावं असं फार वाटलं.

ओढलं.

"मावशी?" फोनमधून टाळ ऐकू येत होते, मृदंग ऐकू येत होता. मावशी बोलत नव्हत्या. "मावशी, काय झालं?"

"काहीच नाही झालं मॅडम," मावशी म्हणाल्या, आणि फोनवरच हमसून रडायला लागल्या. "काहीच नाही झालं न वं माय!"